उन्हाकडे फिरवलेलं झाड

या, अशा जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकेल. आज एका झाडाची गोष्ट सांगायची आहे. एका बागेची, एका शाळेची आणि त्या दोन्हींच्या मधोमध पाय रोवून उभ्या राहिलेल्या एका बाईच्या रागाची. देवाचं नाव घेऊन बसायचं आणि सांगायचं काय, तर सूड! असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्यानं माणसाला काळीज दिलं त्यानंच त्यात निखाऱ्यालाही जागा ठेवली. त्याच्यापासून काय लपवायचं?

बाईला सगळे ताई म्हणत. शहरातल्या सार्वजनिक बागांची ती मुकादम. खुरपं धरणाऱ्यापासून क्रेन चालवणाऱ्यापर्यंत सगळी माणसं तिच्या हाताखाली. पिकलेले केस, रुंद मनगटं, आणि आवाज असा की पाण्याचा पंप चालू असतानाही पलीकडच्या वाफ्यातला माणूस दचकून उभा राहावा. तिचे साहेब तिला ताई म्हणत आणि घसरगुंडीवर उलटी चढणारी पोरंही ताईच म्हणत. पण ती हाक पहिल्यांदा ज्या तोंडातून आली, ते तोंड केव्हाच मिटलं होतं. ते कसं, ते येईलच पुढे.

तर झालं असं, की वस्तीतली सरकारी शाळा खचली. एक कोपरा जमिनीत रुतत चालला. भिंतींना तडे असे, की या वर्गातल्या पोरानं त्या वर्गातल्या पोराला त्यातून खोडरबर द्यावं. छताचा गिलावा एकदा चहात पडला, तेव्हापासून गणिताच्या बाई कपावर पुस्तक झाकून शिकवायच्या. इंजिनियर आला, त्यानं भिंतीवर बोटांनी टकटक केलं आणि तो लगेच बाहेर जाऊन उभा राहिला. "दुरुस्तीचं बघायचं का?" विचारलं तर म्हणाला, "बोलायचं ते बाहेर येऊन बोला."

नवी शाळा बांधायची तर मोकळी जागा वस्तीत एकच, रस्त्यापलीकडची बाग. बागेची जमीन विकायची नाही, असा तिथला नियम. पण बदलता येत होती. आधी बागेच्या जागेवर शाळा उभी करायची, पोरं तिकडे गेली की जुनी शाळा पाडायची, आणि ती जमीन बागेला द्यायची. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. बोलायला किती सोपं! पण बागेत झाडं होती, आणि एकेका झाडाखाली एकेक माणूस आपला हक्क मांडून बसलं होतं.

नगरपालिकेच्या सभागृहात सभा बोलावली तेव्हा ती सगळी माणसं तावातावानं आली. रोज सकाळी फिरणारे वकील उठले. "शाळेला माझा विरोध नाही. पण माझ्या गुडघ्यांचा आहे."

कुत्री पाळणारी एक बाई म्हणाली, "मुलं काय, कुठेही शिकतील. माझ्या कुत्र्याला एवढ्या वर्षांची सवय आहे."

"मग कुत्र्यालाच घाला ना शाळेत!" मागून एक आई ओरडली. "माझ्या पोरीच्या डोक्यावर विटेचा तुकडा पडलाय!"

गलका माजला. अध्यक्ष टेबल बडवून दमले. त्या गलक्यात दुसऱ्या रांगेतून एक म्हातारा उठला. पांढरी स्वच्छ दाढी, हातात काळी छत्री. त्याला बघताच निम्मं सभागृह गप्प झालं, कारण निम्मं सभागृह त्याच्या हाताखालून गेलं होतं. जुन्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर.

"शाळा झालीच पाहिजे," हेडमास्तर म्हणाले. "मी आयुष्य घातलंय तिच्यात. फक्त एक विनंती आहे. बागेत एक निळ्या फुलांचं झाड आहे. आमची ही गेली, त्या वर्षी मी तिच्या नावानं लावलं. मला मूल नाही. जे काही आहे ते ते झाड आहे. तेवढं जगवा."

आता सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या. सगळ्यांना खात्री, की ताई आता बागेच्या बाजूनं अशी कडाडेल की छत उडून जाईल. तिची माणसं तर हसू दाबत वाट बघत होती. ताई उठली. तिनं भिंतीवर टांगलेल्या नकाशाकडे पाहिलं. जुन्या शाळेच्या पटांगणावर तिथे हिरवा रंग भरला होता. त्या हिरव्या रंगात, एका कडेला, जिथे पाण्याचा हौद होता, तिथे तिची नजर जाऊन बसली.

"बाग द्या," ती म्हणाली. "झाडं मी हलवते. झाडं हलतात हो. माणसांपेक्षा बरी हलतात, कुरकुर करत नाहीत." लोक हसले. मग ती हेडमास्तरांकडे वळली आणि गोड आवाजात म्हणाली, "आणि तुमचं झाड मास्तर, मी माझ्या हातानं लावीन. चांगली जागा बघून."

हात वर झाले आणि बदल मंजूर झाला. क्रेनवाला बाहेर आल्यावर म्हणाला, "ताई, मला वाटलं आज तुम्ही एकदोघांना खाणार."

"उपास आहे माझा," ताई म्हणाली. "सोडायची वेळ अजून व्हायचीय."

आता ऐका, हा उपास कधीपासूनचा.

ताईला एक धाकटा भाऊ होता. घरात त्याला गुणगुण्या म्हणायचे. जेवताना गुणगुण, अंघोळ करताना गुणगुण, झोपेतही नाकातून बारीक सूर. आई म्हणायची, देवानं याच्या पोटात भुंगा सोडलाय. तो त्या शाळेत जायचा. ताई तोवर शाळा सोडून रोपवाटिकेत कामाला लागली होती. दुपारी सुटी घेऊन ती भावाला घरी आणायची. भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी ती फाटकाशी आली तर गुणगुण्या पटांगणात हौदाशेजारी उभा. डोक्यावर काही नाही. समोर पाणी, पण ते प्यायची परवानगी नाही. वर्गात गुणगुणला, म्हणून शिक्षा.

"मास्तर, त्याला सकाळपासून कणकण आहे हो!" ताई फाटकातून ओरडली. फाटकाला कुलूप होतं.

हेडमास्तर खिडकीत आले. तेव्हा दाढी काळी होती. "वेळ झाली की सोडू," म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी खिडकी लावून घेतली.

ताई गजांना धरून बाहेर उभी राहिली. फाटक उघडलं तेव्हा तिनं त्याला पाठीवर घेऊन घर गाठलं. ताप चढत गेला. त्या आठवड्यातच पोर गेलं. शाळेतून कुणी विचारायला आलं नाही. बाप म्हणाला, "मोठ्या माणसाशी कुठे भांडायचं?" आणि सगळं घर गप्प बसलं. एकटी ताई गप्प बसली नव्हती. ती नुसती बोलत नव्हती.

हे बघा, त्या ताईनं आयुष्यात पुष्कळ चांगलं केलं. हाताखालच्या बायांच्या बाळंतपणात तिनं त्यांची कामं केली, दारुड्या नवऱ्यांना फावडं दाखवून सरळ केलं. पण काळजाच्या एका कोपऱ्यात तिनं कुणालाच जाऊ दिलं नाही, देवालासुद्धा नाही. प्रार्थनेला बसली की म्हणायची, "बाकी सगळं तू बघ. हे एक माझं आहे."

नव्या शाळेचं काम सुरू व्हायच्या आधी झाडं हलली. मुळांभोवती चर खणला, मातीचा गोळा गोणपाटात बांधला, खोक्यात बसवला, क्रेननं उचलला. रोपवाटिकेत खोक्यांच्या रांगा लागल्या. मोठं झाड हलवताना माळी खोडाच्या उत्तरेच्या अंगाला चुन्याचा एक पांढरा ठिपका देतात, आणि नव्या जागी तो ठिपका पुन्हा उत्तरेलाच येईल असं झाड बसवतात. खोडाच्या एका अंगाला ऊन खायची सवय असते. सावलीतलं अंग मात्र बाळाच्या पाठीसारखं कोवळं असतं. ते उन्हाकडे फिरलं तर साल भाजते, फाटते, आणि झाड बिचारं उभ्या उभ्या वाळत जातं. कुणाला कळतही नाही का वाळलं ते. लोक म्हणतात, जागा मानवली नाही.

हेडमास्तर अधूनमधून रोपवाटिकेत यायचे. खोक्याजवळ उभे राहायचे, पानाला हात लावायचे.

"ताई, हे जगेल ना?"

"का नाही जगणार? मी आहे ना."

"तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

"अजून कुठे केलेत मास्तर? करायचेत."

नवी शाळा उभी राहिली. रुंद जिने, भरपूर उजेड. पोरं दप्तरं घेऊन रस्ता ओलांडून गेली, आणि जुनी शाळा एका यंत्रानं पाडली. ताई धूळ खात तिथेच उभी होती. फक्त हौद पाडताना तिनं तोंड फिरवलं. मग राडारोडा गेला, काळी माती आली, आणि झाडं लावायची वेळ आली. उन्हाळा तोंडावर होता.

माणसं जेवायला बसली होती तेव्हा ताई एकटी निळ्या फुलांच्या झाडापाशी गेली. ओल्या फडक्यानं तिनं जुना ठिपका पुसला. मग दुसऱ्या अंगाला जाऊन, अंगठा चुन्यात बुडवून, नवा ठिपका उमटवला. बस्, एवढंच. जेवून आलेल्या माणसांनी नेहमीच्या इमानानं ठिपका उत्तरेला धरून झाड लावलं. कुणी खोटं बोललं नाही. खोटं बोलला तो एकटा ठिपका.

आणि झाड लावलं कुठे? जिथे हौद होता, तिथे. आता आजूबाजूला भिंत नाही, सावली नाही, दुपार सगळी उघडी.

हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जागा छान निवडलीत."

"तुमच्या ओळखीची आहे," ताई म्हणाली. म्हाताऱ्याला काही कळलं नाही.

उन्हाळा चढला. खोडाच्या कोवळ्या अंगाचा रंग आधी तांबूस झाला, मग साल फुगली, मग तिला एक उभी चीर गेली. ताई रोज येता-जाता बघायची आणि घरी जाऊन शांत जेवायची. तिच्या खोलीत खुंटीवर गोणपाटाची एक लांब पट्टी होती. खोडाला ती गुंडाळली की ऊन लागत नाही. रोज सकाळी ती पट्टी घडी करून पिशवीत टाकायची आणि संध्याकाळी तशीच्या तशी खुंटीला लावायची. जवळ असून बांधायची नाही, याचाच जणू तिला आनंद.

आणि मग एका दुपारी तिनं पाहिलं, की हेडमास्तर झाडापाशी उभे आहेत. छत्री उघडलेली, पण डोक्यावर नाही. हात लांब करून त्यांनी ती खोडावर धरली होती. साल तापते एवढं म्हाताऱ्याच्या हाताला कळलं होतं. कारण कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. ऊन चढलं की यायचे, कलेपर्यंत उभे राहायचे. डोकं उघडं. मान लाल व्हायची, सदरा पाठीला चिकटायचा.

क्रेनवाला हळहळला. "ताई, मास्तर मरतील हो असे. खोडाला काहीतरी बांधू या."

"राहू दे. कुणी सांगितलंय का उभं राहायला? वेळ झाली की जातील घरी."

हे म्हणताना तिच्या अंगावर शहारा आला, आणि तो आनंदाचा होता. खोटं कशाला सांगू? त्याच जागी, त्याच उन्हात, तोच माणूस. तिनं योजलं होतं त्यापेक्षा देवानं जास्त माप तिच्या ओंजळीत घातलं होतं. चार-सहा दिवस तिनं ते पोटभर पाहिलं. पण पाहता पाहता एक गोष्ट तिला खुपायला लागली. हा माणूस उभा होता बायकोसाठी. त्याला हे ऊन शिक्षा वाटतच नव्हतं. प्रेम वाटत होतं! मग यात गुणगुण्या कुठे होता?

ती तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मास्तर, झाड मी उलटं लावलंय."

"म्हणजे?"

"जाणूनबुजून. कोवळं अंग उन्हाला दिलंय. या उन्हाळ्यात मरेल ते."

छत्री खाली आली. "मी तुमचं काय केलं हो, ताई?"

"इथे हौद होता. हौदाशी तुम्ही एका मुलाला उन्हात उभं केलं होतंत. माझा धाकटा भाऊ. त्याच आठवड्यात गेला."

"गेला? मला... मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलं होतंत?" ताईनं पिशवीतून गोणपाटाची पट्टी काढून त्यांना दाखवली. "ही बांधली तर झाड जगेल. पण तुम्हाला तो आठवला तरच बांधायची. मी त्याचं नाव सांगणार नाही, काय केलं होतं तेही सांगणार नाही. आठवा."

"मी पुष्कळ मुलांना उभं केलं, ताई."

"मग पुष्कळ आठवा. घाई झाडाला आहे, मला नाही."

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. हेडमास्तर रोज दुपारी यायचे, छत्री खोडावर धरायचे, आणि ताई समोर आली की एक मुलगा पुढे करायचे.

"शाई सांडली होती, तो का? तोतरा होता थोडा."

"नाही."

"मग तो चपला नसलेला? मी म्हटलं होतं, चपला घालून ये, तोवर उभा राहा. तो उड्या मारत होता पाय भाजतात म्हणून, आणि मुलं हसत होती. मीही हसलो होतो."

"नाही."

"बापाची सही खोटी करणारा? ... बाप वारला होता त्याचा. नंतर कळलं मला."

"नाही, मास्तर." ताई पट्टीची घडी करायची. "उद्या या."

रोज एक पोर त्या उन्हात येऊन उभं राहायचं आणि 'नाही' ऐकून बाजूला व्हायचं, पण जायचं नाही. हेडमास्तरांच्या मागे रांग लागली होती. डोळे खोल गेले. एकदा ते नुसतेच रडले आणि परत गेले. चीर वाढत होती. वरची पानं गळायला लागली. आणि ताई? ताईला झोप छान लागत होती. मी तुम्हाला तिची बाजू गोड करून सांगणार नाही.

मग एक दिवस ते उशिरा आले. छत्रीही आणली नव्हती. झाडाला न शिवता ते हौदाच्या जागी सरळ उभे राहिले, हात बाजूला, शाळेतल्या पोरासारखे.

"गुणगुणायचा तो," ते म्हणाले.

ताईच्या हातातली पिशवी खाली पडली.

"वर्गात सारखा गुणगुणायचा. मला वाटलं, माझी चेष्टा करतोय. म्हटलं, गाणं उतरेपर्यंत उन्हात उभा राहा. एक मुलगी फाटकाशी येऊन ओरडत होती. तुम्ही होतात ती. मी खिडकी लावली, आठवतंय तुम्हाला?"

"आठवतंय. माझा आवाज नको होता तुम्हाला."

"तुमचा नाही, ताई. त्याचा. तो थांबलाच नव्हता. तिथे उन्हात उभा राहूनसुद्धा गुणगुणत होता. हळू, पण सुरात. मला ते ऐकवेना, म्हणून मी खिडकी लावली."

फाटकापर्यंत तो आवाज पोचला नव्हता. इतकी वर्षं ताईच्या डोळ्यांपुढे एक मुका, हरलेला मुलगा उभा होता. तो मुका नव्हताच. तो हरलाही नव्हता. गाणं उतरलं नव्हतं. उतरला होता खिडकीतला माणूस.

ती मटकन खाली बसली आणि त्या काळ्या मातीवर दोन्ही हात ठेवून रडली. म्हातारा जवळ यायला लागला तशी तिनं हात वर केला. "तिथेच थांबा."

डोळे पुसून ती उठली. पट्टी उलगडून तिनं त्यांच्या अंगावर फेकली. "बांधा. मी नाही हात लावणार. खालून वर, एकावर एक घेत. आणि गुंडाळताना ते गुणगुणा, तो जे गुणगुणत होता ते. आठवतं ना?"

"आठवतं."

कलत्या उन्हात हेडमास्तरांनी खोड गुंडाळलं, आणि बेसूर, फाटक्या आवाजात ते गुणगुणले. आई अंगाईला म्हणायची तोच सूर होता तो. ताई पाठमोरी उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली. एकदा मध्येच म्हणाली, "तिथे सूर वर जातो." त्यांनी वर नेला.

बांधून झाल्यावर ते म्हणाले, "ताई, मला माफ..."

"ते देवाकडे मागा. तो मोठा आहे. मी झाडं लावणारी बाई."

माफी तिनं त्यांना कधीच दिली नाही. पुढे ते दिसले की ती त्यांच्या नमस्काराला मान हलवायची नाही. ते मात्र जिवंत होते तोवर रोज येत, आणि रस्त्यापलीकडच्या शाळेत कुणा पोराला वर्गाबाहेर उभं केलेलं दिसलं की काठी टेकत आत जाऊन त्याला सावलीत बसवत. नव्या हेडमास्तरीणबाई वैतागायच्या. म्हाताऱ्याला हाकलणार कोण?

झाड जगलं. अर्धंच. उन्हाकडच्या अंगाला बुंध्यापासून फांदीपर्यंत एक लांब भाजलेला व्रण राहिला, आणि त्या बाजूला फूल येत नाही. दुसरी बाजू मात्र निळीशार होते. व्रणाकडे ताईनं एक बाक ठेवून घेतला. ती कामावरून सुटली की तिथे बसायची, आणि तिच्या नाकातून बारीक सूर निघायचा.

तर मंडळी, गोष्ट इथे संपली. तुमची एवढी तपश्चर्या झाली, आता एक मागणं मागू द्या. त्या बाकावर कधी बसलात, किंवा कुठल्याही शाळेवरून दुपारच्या उन्हात चाललात आणि आतून एखादं पोर धडा सोडून गुणगुणताना ऐकू आलं, तर तिथे क्षणभर थांबा आणि गुणगुण्याची आठवण काढा. मोठ्यानं नको. मनातल्या मनात, पण सुरात.